सहीचा व्हायझर कुणी उसवला

ही गोष्ट मी पंधरा वर्षं टाळली. विसरलो होतो म्हणून नव्हे. विसरलो असतो तर टाळावी लागलीच नसती. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर हसून म्हणायचो, "जाऊ दे रे, जुनी गोष्ट."

आमच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांनी यंदा स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मला निरोप आला, 'व्हायझर कसा निवडला ते लिहा. दोन पानं. हलकंफुलकं असू द्या.' मी लिहून दिलं. आठ दिवसांनी कागद परत आले. शेवटच्या भागाला पेन्सिलीनं उभी रेघ ओढलेली, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'एवढं काढता आलं तर बघा.'

बघितलं. नाही काढता येत. काढायचं तर त्याच्या आधीचं सगळं काढावं लागेल. म्हणून लेख त्यांच्याकडून परत घेतला आणि इथे पुन्हा, जास्तच सविस्तर लिहितो आहे. ज्यांना वाईट वाटेल त्यांना वाटू द्या. मी बहात्तर वर्षांचा आहे. आता मला कुणाकडून बढती नको आहे.

सन व्हायझर म्हणजे गाडीत ड्रायव्हरच्या कपाळासमोर, काचेच्या वरच्या कडेला बसवलेली चपटी फळी. ऊन डोळ्यांवर आलं की ती खाली ओढायची, गेलं की वर ढकलायची. एवढीच वस्तू. गाडी घेताना लोक इंजिन विचारतात, टायर विचारतात, गाणी कशी वाजतात ते विचारतात. व्हायझरबद्दल कुणी विचारत नाही. पण चाकणहून तळेगावकडे संध्याकाळी पाचला गाडी चालवून बघा. सूर्य सरळ काचेत येऊन बसतो. पुढचा ट्रक थांबला आहे की चालला आहे हेही कळत नाही. त्या वेळी गाडीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच.

आमची ती गाडी दगडाधोंड्यांतून जाण्यासाठी बनवलेली होती. जिथे रस्ता संपतो तिथे तिचं काम सुरू व्हायचं. चाकणच्या कारखान्यात ती तयार होत होती आणि आतलं सामान ठरवायचं काम माझ्या विभागाकडे होतं. मी आकुर्डीहून कंपनीच्या बसनं यायचो. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती.

कंपनीत सांगतात ती गोष्ट अशी की, मीच एका संध्याकाळी गाडी घेऊन निघोज्याच्या कच्च्या वाटेनं निघालो, व्हायझर खड्ड्यात खाली पडतो हे हेरलं, त्याच्या आत पोलादी पट्टी घालायची युक्ती काढली आणि कंपनीची अब्रू वाचवली. माझ्या घरी भिंतीवर त्याच्या प्रशस्तिपत्राची चौकट आहे. म्हणजे होती. मागच्या महिन्यात मी ती उतरवली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला आहे, तो राहू दे.

खरं काय झालं ते आता सांगतो.

व्हायझरची निवड एका लांब टेबलावर झाली. खोलीत गार हवा, मधोमध बिस्किटांच्या बश्या आणि तीन नमुने. एक जाड, फोमचा. एक नुसत्या कडक प्लास्टिकचा. तिसरा छोट्या शहरी गाडीतला असतो तसा, राखाडी कापड लावलेला, आत आरसा. सगळ्यांनी तिसरा हातात घेतला, उघडला, मिटला. प्रत्येकानं आरशात बघून केस सारखे केले. कारखान्याचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, त्यांना केस नव्हते, तरी त्यांनीही भांग असल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "हाच." झालं. ऊन अडवायची वस्तू आम्ही ट्यूबलाइटखाली पसंत केली.

त्या नमुन्यावर मोठ्या साहेबांची सही झाली. आमच्या धंद्यात सही झालेला नमुना म्हणजे देव्हाऱ्यातला देव. तो काचेच्या कपाटात ठेवतात. माल पुरवणारा हुबेहूब त्याच्यासारखा माल बनवतो, आणि उद्या वाद झाला तर तो नमुना बाहेर काढून शेजारी ठेवतात. त्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर ब्लेड चालवणं हा तर कामावरून काढून टाकण्याजोगा गुन्हा.

सीटा आणि छताचं कापड शिवणाऱ्या विभागात एक कारागीर होते. मूळचे मावळातले, मुसलमान घर, वडिलांचं टांग्याच्या गाद्या भरायचं काम. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. चष्मा कपाळावर, ब्लेडची मूठ खिशाबाहेर. त्यांनी कपाटातला व्हायझर बाहेरूनच बघितला आणि मला म्हणाले, "साहेब, ह्यो पडंल."

"कुठे पडेल?"

"डोळ्यावं. आरशाचं वजन हाय त्याला. आपली गाडी खड्ड्यातली, ह्यो माल डांबरावरचा."

मी म्हणालो, "मास्तर, अकरा माणसांनी बघितलाय."

"बगितला. बसून कुनी बगितला?"

मला राग आला. राग आला म्हणजे त्यांचं बरोबर आहे हे मला कळलं होतं. पुरवठादारानं पाठवलेला दुसरा एकच तुकडा चाचणीच्या गाडीत लावला होता. ती गाडी दुसऱ्या दिवशी लांबच्या चाचणीला निघणार होती. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं ती घेऊन निघोज्याच्या बाजूला नदीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागलो. गाडी मी चालवत होतो. तोंड मावळतीकडे. व्हायझर वर ढकलून ठेवला होता. पहिल्या खड्ड्याला तो जरा खाली आला. दुसऱ्याला अर्धा. तिसऱ्याला धाडकन कपाळावर, आणि पुढचं काही दिसेना. मी डाव्या हातानं तो वर धरला. पुन्हा पडला. पुन्हा धरला.

मास्तर शेजारून म्हणाले, "गाडी चालवताय का कलेक्टरला सलाम ठोकताय?"

दोघंही इतके हसलो की गाडी थांबवावी लागली. हा विनोद पुढे कंपनीभर झाला. माझा म्हणून झाला.

परत आलो. मास्तर म्हणाले, आत दांड्याला काय धरलंय ते बघितल्याशिवाय इलाज सांगता येणार नाही. सकाळी पुरवठादाराची माणसं येणार होती, त्याआधी मला उत्तर हवं होतं. चाचणीची गाडी ताब्यात देऊन झाली होती. उरला कपाटातला.

"उसवा," मी म्हणालो.

"साहेब, सहीचाय."

"माहीत आहे."

"साहेब, सहीचा हाय म्हन्तो मी."

"मास्तर, मी आहे ना."

हे तीन शब्द. याहून जास्त काही मी म्हणालो नाही आणि त्यांना याहून जास्त काही लागलंही नाही. त्यांनी कडेची चार बोटं शिवण टाका टाका करून उसवली. कापडाला ओरखडासुद्धा नाही. आत दांड्याला धरणारी पकड प्लास्टिकची होती, बोटानं वाकणारी. मास्तरांनी भंगारातून घड्याळाच्या स्प्रिंगसारखी पोलादी पट्टी शोधली, वाकवली आणि एका जुन्या व्हायझरमध्ये घालून मला दाखवली. टेबलावर कितीही आपटला तरी तो हलेना. युक्ती झाली. तेवढ्या अर्ध्या तासात झाली, आणि त्यांनी काढली.

मग सहीचा नमुना परत शिवायचा होता. मास्तरांनी दोऱ्याची दोन रिळं काढली आणि म्हणाले, "अजून उजेड हाय, बाहेर नेऊन रंग बगतो."

मी म्हणालो, "बस सुटेल. शिवा."

त्यांनी शिवला. ट्यूबलाइटखाली रंग एकसारखा दिसला. दुसऱ्या दिवशी पुरवठादाराच्या माणसानं तो मापं घ्यायला खिडकीपाशी नेला आणि चार बोटं शिवण निळसर दिसली.

तासाभरात सगळे पुन्हा त्याच लांब टेबलाभोवती. माझ्यासकट अकरा जण. बिस्किटं नव्हती. मधोमध व्हायझर ठेवला होता, उताणा. मोठ्या साहेबांचा आवाज चढला की काच थरथरायची.

"माझी सही असलेला नमुना कुणी उसवला?"

मी तेव्हा तरुण होतो, पोराबाळांचा विचार आला, असं मंडळातले काही जण आता माझ्या वतीनं सांगतात. त्यांचे आभार, पण ते खोटं आहे. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. मुलीचं शिक्षण झालेलं होतं. मला घालवून देणार नव्हते. फार तर ओरडा बसला असता. मी त्या ओरड्याला घाबरलो, इतकंच. माणूस मोठ्या कारणासाठी नीच होतो असं वाचलेलं असतं. मी एका आवाजासाठी झालो.

मी म्हणालो, "त्या विभागात ब्लेड मास्तरांच्याच हातात असतं."

यात खोटं काहीच नव्हतं. तेच तर त्यातलं विष. मास्तरांना बोलावलं. ते दारापाशी उभे राहिले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"तुम्ही उसवलंत?"

"व्हय."

"कुणाला विचारून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. थोडा वेळ थांबले. तेवढ्या वेळात माझं एक वाक्य बोलून झालं असतं. मी फाइलची दोरी बांधत होतो.

"कुनाला न्हाई," ते म्हणाले.

त्यांना ठपक्याचं पत्र मिळालं. शिवणकाम काढून घेतलं आणि काचा खोक्यांत भरायच्या कामाला लावलं. सव्वीस वर्षं शिवणारा माणूस पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावू लागला. येता-जाता पोरंटोरं म्हणायची, "मास्तर, खोकं उसवू नका हां!" चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. ती पोलादी पट्टी माझ्या खणात होती. महिनाभरानं मी ती टेबलावर ठेवली. मोठे साहेब म्हणाले, "कमाल केलीस!" चौकट त्याचीच.

काही महिन्यांपूर्वी माझ्या मुलीनं तीच गाडी घेतली. जुनी, कुणीतरी वापरलेली. ती मावळात रोपवाटिका चालवते, तिला चिखलात जाणारी गाडी हवी होती. व्हायझर तडकलेला होता. तिनं मोबाइलवर दहा प्रकार दाखवले. एकात दिवा, एकात घड्याळ, एक तर हरणाच्या कातड्यासारखा ठिपक्यांचा.

"यातला सांगा कुठला घेऊ. तुम्ही तर व्हायझरवाले."

हा शब्द माझ्या घरात कौतुकानं वापरतात.

मी म्हणालो, "रहाटणीला एक दुकान आहे. तिथे जाऊ." दुकान मला ठाऊक होतं. दहा वर्षांत त्या रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन, आणि दर वेळी समोरच्या फुटपाथनं.

दुकान एका इमारतीच्या खालच्या गाळ्यात. बाहेर सीटकव्हरं टांगलेली, आत शिलाई मशीन. मास्तर मशीनवर होते. दाढी पांढरी. चष्मा तसाच कपाळावर. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "या साहेब. लय उशीर केला." दुकानात यायला की कशाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मुलगी म्हणाली, "काका, व्हायझर हवाय. तुमच्याकडे आहेत ते सगळे टेबलावर मांडा ना, निवडते."

मास्तर हसले. "ताई, टेबलावर व्हायझर निवडत न्हाईत. तुमच्या वडलांना इचारा."

त्यांनी तिला गाडीत बसवलं. आपल्या वितीनं तिच्या डोळ्यांपासून छतापर्यंतचं अंतर मोजलं. म्हणाले, "कंपनी व्हायझर बनवती सहा फुटी गड्यासाठी. बाईमान्साच्या डोळ्यापतुर त्यो पोचतच न्हाई. तुमाला दोन बोटं लांब लागंल." तिचं तिलाच नवल वाटलं. म्हणाली, "म्हणून मी जन्मभर मान ताणून गाडी चालवते होय!"

तीन व्हायझर त्यांनी आळीपाळीनं लावले आणि तिघंही निघालो, रस्ता खणलेला होता त्या बाजूला, उतरत्या उन्हाकडे तोंड करून. पहिला दुसऱ्याच गतिरोधकाला खाली आला. मुलीनं तो एका हातानं धरला. मी मागे बसलो होतो. मास्तर आता काय बोलणार ते मला ठाऊक होतं. ते बोलले नाहीत. त्यांनी नुसतं आरशातून माझ्याकडे बघितलं. दुसरा कसाबसा टिकला. तिसरा त्यांनी स्वतः शिवलेला, आत पोलादी पट्टी, आरसा नाही. तो हललाच नाही. मुलगी म्हणाली, "हाच."

मापाप्रमाणे लांबवून द्यायला अर्धा तास लागणार होता. ती पलीकडे खत बघायला गेली. मी स्टुलावर बसलो. मशीनचा आवाज थांबला तेव्हा म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी…"

त्यांनी दोरा तोडला आणि हात वर केला.

"हितं नको, साहेब."

"मला सांगायचंय."

"कुनाला? मला? मला तर ठावंच हाय." ते शांतपणे बोलत होते. "त्या टेबलाला अकरा मान्सं व्हती. त्या अकरांपुढं मी चोर झालो. आजबी त्यातला कुनी रस्त्यात भेटला की म्हनतो, मास्तर, उगाच सहीच्या मालाला हात लावला तुमी. तुमी हितं माझ्या कानात सांगाल आन हलकं होऊन घरी जाल. माझं काय?"

मी विचारलं, "तुम्ही तेव्हाच माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमी म्हनला व्हता, मी आहे ना." त्यांनी व्हायझर झटकला. "मी वाट बगत व्हतो."

मुलगी परत आली. मास्तरांनी तो गाडीत बसवला, खिडकीतून उजेडात दोऱ्याचा रंग बघितला आणि मान हलवली. मी काय म्हणालो? "शिलाई छान झाली," म्हणालो.

दीड महिन्यानं मंडळाचा स्नेहमेळावा होता, चिंचवडच्या एका सभागृहात. त्या अकरांपैकी माझ्याखेरीज सहा जण येणार, हे मी आधी फोन करून पक्कं केलं. खिशात कागद ठेवला. शाल, श्रीफळ झालं. सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपले व्हायझरवाले साहेब!" मी माइकपाशी गेलो आणि सांगायला लागलो. गार खोली, आरसा, मोठ्या साहेबांचा भांग. लोक खुश. खड्ड्यांची वाट, तिसरा खड्डा, आणि मग सलामाचा विनोद. हा विनोद मास्तरांचा आहे, असं मी स्पष्ट म्हणालो. पण हशात ते बुडालं. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

मी म्हणालो, "थांबा, अजून आहे."

पहिल्या रांगेत मोठे साहेब होते, चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल. आवाज गेला आहे त्यांचा, कुजबुजल्यासारखं बोलतात. ते माझ्याकडे बघून हसत होते आणि त्यांनी मला अंगठा उंचावून शाबासकी दिली. ज्या आवाजाला मी भ्यालो तो आता नव्हताच. तरी खिशातला कागद मी खिशातच ठेवला. मी म्हणालो, "धन्यवाद." आणि खाली उतरलो. जेवणात बासुंदी होती.

म्हणून आता छापून सांगतो. स्मरणिकेचे संपादक म्हणतात, मोठ्या साहेबांना या वयात त्रास होईल. होऊ दे. मास्तरांना पंधरा वर्षं होतोय. कुणी म्हणतं, एवढंसं कारण, चार बोटं शिवण. चार बोटं शिवण हा त्या माणसाचा हात होता, आणि तो आपण सगळ्यांनी मिळून खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला धाडला. कुणी म्हणतं, मास्तर तर आता सुखात आहेत, स्वतःचं दुकान आहे. दुकान त्यांनी कमावलं. नाव आपण घालवलं. दोन्ही हिशेब एकमेकांत मिळवू नका.

हे छापून येईल तेव्हा ते सहा जण वाचतील का, ठाऊक नाही. टेबलापाशी तोंडानं बोलायचं होतं ते कागदावर बोलणं म्हणजे पुन्हा समोरच्या फुटपाथनं जाणंच आहे, हेही मला कळतं. मास्तर हे मान्य करतील असं मी धरून चाललेलो नाही. पण त्या दिवशी खिशातून न निघालेला कागद माझ्यापाशी अजून आहे. घडी पडून मधे विरला आहे. त्यावर एवढंच लिहिलं आहे:

'सहीचा व्हायझर मास्तरांनी माझ्या सांगण्यावरून उसवला. त्यांनी दोनदा अडवलं, मी ऐकलं नाही. पट्टीची युक्ती त्यांची. दोरा बाहेर उजेडात बघू दिला नाही तोही मीच. त्या टेबलापाशी तुम्ही सगळे होतात, म्हणून तुमच्या सगळ्यांसमोर म्हणतो. मास्तर, मी तिथेच होतो आणि नव्हतो. मला माफ करा.'